एडिसनची खुर्ची आणि लॅटिमर यांचे नाव

इतिहास केवळ पुस्तकात लिहिला जात नाही. तो दगडात, विटांत, लाकडात आणि काचेतही लिहिला जातो. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते, वेळ लागतो. वास्तू पाहायला डोळे पुरतात. शिवाय वास्तूचे म्हणणे खरे की खोटे, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहसा येतही नाही. समोर भिंत उभी आहे, म्हणजे ती सांगते ते खरेच असणार, असे माणूस धरून चालतो. म्हणूनच जगातल्या प्रत्येक सत्ताधारी वर्गाने वाडे जपले, स्मारके उभारली, संग्रहालये थाटली. आपल्या मुलांच्या शाळेच्या सहली शनिवारवाड्यावर जातात. महाडच्या चवदार तळ्यावर किती जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या मुलाला विचारून पाहावे.

आज आम्ही वाचकांना अशाच एका वास्तूकडे नेणार आहोत. ती अमेरिकेत, मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न या गावी आहे. थॉमस अल्वा एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तेथे उभी आहे. गंमत अशी की मेन्लो पार्क डिअरबॉर्नला नाही. ते शेकडो मैल दूर न्यू जर्सी राज्यात आहे. मग ही प्रयोगशाळा येथे आली कशी?

एडिसनने १८७६ साली मेन्लो पार्कला आपले बस्तान बसवले. दुमजली लांबट लाकडी इमारत, शेजारी यंत्रशाळा, काच फुंकण्याची खोली, कामगारांची खानावळ. याच ठिकाणी १८७७ साली फोनोग्राफ बोलला. याच ठिकाणी ऑक्टोबर १८७९ मध्ये सुती दोऱ्याचा कोळसा करून बनवलेली तार निर्वात काचेच्या गोळ्यात काही तास जळत राहिली, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला लोकांना दिव्यांचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. पुढे एडिसनने कारभार न्यूयॉर्कला हलवला. मेन्लो पार्क ओस पडले, इमारती मोडकळीस आल्या. ज्याला लाकूड हवे होते त्याने लाकूड नेले. जगाला उजेड देणाऱ्या जागेची पन्नास वर्षांत ही गत झाली.

मोटारसम्राट हेन्री फोर्ड हा एडिसनचा परमभक्त. तरुणपणी तो डेट्रॉइटच्या एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत नोकरीला होता. अब्जावधींचा धनी झाल्यावर त्याने ठरवले की आपल्या दैवताचे देऊळ आपण बांधायचे. उरलेल्या फळ्या शोधून आणल्या. उकिरडा उकरून फुटक्या बाटल्या आणि यंत्रांचे तुकडे गोळा केले. खानावळीची मूळ इमारत उचलून आणली. एवढ्यावर न थांबता न्यू जर्सीची तांबडी माती रेल्वेच्या डब्यांत भरून मिशिगनला आणली आणि त्या मातीवर प्रयोगशाळा पुन्हा उभारली. मातीसुद्धा अस्सल हवी, हा त्याचा हट्ट!

२१ ऑक्टोबर १९२९ रोजी, दिव्याच्या पन्नासाव्या वर्षी, तेथे मोठा सोहळा झाला. राष्ट्राध्यक्ष हूवर आले, मादाम क्युरी आल्या, ऑर्व्हिल राइट आले. ८२ वर्षांच्या एडिसनने आपला जुना सहायक फ्रान्सिस जेल याच्या साथीने दिवा पेटवण्याचा प्रसंग पुन्हा करून दाखवला. रेडिओवरून त्याचे वर्णन देशभर ऐकवले गेले. एडिसन ज्या खुर्चीत बसला होता ती फोर्डने तेथल्या तेथे जमिनीला खिळवून टाकली. ती आजही तशीच आहे. एडिसनने प्रयोगशाळा पाहून ती जवळजवळ हुबेहूब असल्याची पावती दिली, फक्त आमची जमीन एवढी स्वच्छ कधीच नव्हती, असे तो म्हणाला, अशी गोष्ट सांगितली जाते.

या गोष्टीवर लोक हसतात. आम्हाला मात्र तीत फार मोठा अर्थ दिसतो. संग्रहालयाची जमीन नेहमीच स्वच्छ असते. काम चालू असताना जमिनीवर राख सांडते, पारा सांडतो, काचांचा खच पडतो, घाम गळतो. काम संपल्यावर कोणीतरी ती झाडून घेतो. राख गेली की राखेबरोबर राबणारी माणसेही जातात. उरते ती एक खुर्ची आणि एक नाव.

मेन्लो पार्कला एडिसन एकटा नव्हता. चार्ल्स बॅचलर हा त्याचा उजवा हात होता. जॉन क्रूसी याने कागदावरच्या रेखाटनावरून यंत्रे घडवली. पहिला फोनोग्राफ त्याच्याच हातचा. फ्रान्सिस अप्टन गणिते मांडत होता. लुडविग बोम काचेचे गोळे फुंकत होता. तिकडे इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याच दिव्यामागे लागला होता. या सगळ्यांच्या श्रमाचे पाणी जमले तेव्हा एक दिवा पेटला. एडिसनची थोरवी आम्ही नाकारत नाही. शोध लावण्याचे काम कारखान्यासारखे संघटित करता येते, हे त्याने जगाला दाखवले. त्याच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंट आहेत. पण कारखाना म्हटला की कामगार आले आणि कामगार आले की त्यांच्या नावाचा हिशेब आला. तो हिशेब खुर्ची देत नाही.

येथे आम्हाला लुईस लॅटिमर यांचे नाव घ्यायचे आहे. लॅटिमर हे काळे अमेरिकन. त्यांचे आईवडील रेबेका आणि जॉर्ज हे व्हर्जिनियातील गुलाम. १८४२ साली दोघे पळून बोस्टनला आले. तेथे जॉर्जला ओळखून पकडण्यात आले. ‘माल’ परत मिळावा म्हणून मालक धावत आला! गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी रान उठवले, विल्यम लॉइड गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस यांनी आवाज उठवला आणि अखेर ४०० डॉलर मोजून जॉर्जला स्वतंत्र करण्यात आले. एका माणसाची किंमत ४०० डॉलर. अशा घरात १८४८ साली लुईस जन्मले.

यादवी युद्धात ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सरकारच्या नौदलात गेले. परत आल्यावर पेटंटचे काम करणाऱ्या वकिलांच्या कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर पोऱ्या म्हणून लागले. तेथे आराखडे काढणाऱ्यांचे हात पाहून पाहून, जुनी उपकरणे विकत घेऊन, ते आराखड्याची कला स्वतः शिकले आणि त्याच कचेरीत मुख्य आरेखक झाले. आपल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. वर्गाबाहेर बसून, फळ्याकडे लांबून पाहून शिकलेल्यांचीच आपण लेकरे आहोत.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या १८७६ च्या टेलिफोन पेटंटची रेखाटने काढण्याच्या कामात लॅटिमर यांचा हात होता. १८८० साली ते हिराम मॅक्सिमच्या वीजदिव्यांच्या कंपनीत गेले. ही कंपनी एडिसनची प्रतिस्पर्धी. दिव्याची कार्बनची तार भट्टीत भाजताना वाकायची, तुटायची. लॅटिमर यांनी ती पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजण्याची रीत काढली. पुठ्ठा आणि तार उष्णतेने सारखीच आकसत असल्यामुळे तार धड राहू लागली. १७ जानेवारी १८८२ रोजी या रीतीचे पेटंट त्यांना मिळाले. हक्क मात्र कंपनीकडे गेले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, माँट्रियल, लंडन येथे दिवे बसवण्याच्या कामावर त्यांनी देखरेख केली. १८८४ साली ते एडिसनच्या कंपनीत आले. पेटंटच्या खटल्यांत त्यांची रेखाटने आणि त्यांची साक्ष कंपनीच्या कामी आली. १८९० साली त्यांनी विजेच्या दिव्यांवर पुस्तक लिहिले. १९१८ साली एडिसनच्या जुन्या सहकाऱ्यांची ‘एडिसन पायोनियर्स’ ही संघटना निघाली, तिच्या संस्थापक सदस्यांत ते एकटे काळे होते. ११ डिसेंबर १९२८ रोजी ते वारले. दहा महिन्यांनी डिअरबॉर्नला सोहळा झाला, खुर्ची जमिनीला खिळली गेली.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ‘विजेचा दिवा एडिसनने नव्हे, एका काळ्या माणसाने शोधला आणि गोऱ्यांनी तो चोरला’ अशा धर्तीचा मजकूर अधूनमधून आपल्याही माणसांत फिरत असतो. तो खरा नाही. १८७९ साली लॅटिमर मेन्लो पार्कला नव्हते. दिव्याचा शोध त्यांचा नाही. दिवा टिकाऊ करणे, तो शहराशहरांत पोहोचवणे, त्याचे शास्त्र लोकांना समजेल असे लिहिणे, ही त्यांची कामगिरी आहे. ती लहान आहे काय? गुलामाच्या मुलाने हे केले, यात पुरेसे तेज नाही काय? जे सत्य आपल्या बाजूने आहे त्याला खोट्याचे ठिगळ कशाला?

हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. प्रस्थापितांच्या इतिहासात खोटे आहे म्हणून आपणही आपले खोटे तयार करावे, असे काहींना वाटते. बाबासाहेबांचा मार्ग हा नव्हे. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ उघडून पाहा. प्रत्येक विधानाखाली आधार आहे, विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण मांडलेले आहे आणि मग ते खोडलेले आहे. आमच्याकडून एक खोटे सापडले की विरोधक आमची शंभर खरी विधाने त्याच टोपलीत टाकतो. ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांचे खोटे खपते. ज्यांच्याकडे सत्ता नाही त्यांना सत्यावाचून दुसरे शस्त्र नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि त्याच न्यूयॉर्क शहरातील फ्लशिंग भागात लॅटिमर राहत होते, हे खरे आहे. पण म्हणून आम्ही दोघांच्या भेटीची कथा रचणार नाही. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते सिद्ध करायला बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र आहे, १९७२ सालच्या दलित पँथरचे नाव आहे. तेवढे पुरते.

पुन्हा डिअरबॉर्नकडे वळू. देऊळ बांधणारा फोर्ड कोण होता? त्याच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या पत्राने १९२० पासून ज्यूंविरुद्ध विषारी लेखमाला चालवली. १९२७ साली त्याला जाहीर माफी मागावी लागली, तरी १९३८ साली त्याने हिटलरच्या राजवटीचा सन्मान स्वीकारला. त्याच्या कारखान्यात काळ्या कामगारांना मोठ्या संख्येने काम मिळाले हे खरे. पण त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला ओतशाळेतले जळते, जीवघेणे काम आले. आणि डिअरबॉर्न गावात काळ्या माणसाला घर मिळत नसे. १९४२ ते १९७८ इतका प्रदीर्घ काळ त्या गावाचा महापौर असलेला ऑर्व्हिल हबर्ड हा वंशभेदाचा उघड पुरस्कर्ता होता. कामाला गावात या, झोपायला गावाबाहेर जा! गावकुसाबाहेरचे जिणे जगलेल्या समाजाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

फोर्डच्या याच संग्रहग्रामात जॉर्जियातील एका मळ्यावरची गुलामांची विटांची दोन घरेही आणून ठेवली आहेत. म्हणजे एकाच आवारात एडिसनची खुर्ची आहे आणि गुलामांची खोपटीही आहेत. पाहणाऱ्याने या दोहोंना जोडणारी रेघ आपल्या मनाने ओढायची. लॅटिमर यांचे आयुष्य म्हणजे तीच रेघ. गुलामांच्या खोपटातून प्रयोगशाळेपर्यंत चालत गेलेला तो माणूस.

परंतु संग्रहालये कायम एकाच वर्गाची राहतात असे नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी ज्या बसमधील जागा सोडायला नकार दिला, ती बस पुढे कित्येक वर्षे एका शेतात अडगळ ठेवण्यासाठी वापरली जात होती. २००१ साली ती लिलावात निघाली आणि याच डिअरबॉर्नच्या संग्रहालयाने ४ लाख ९२ हजार डॉलर मोजून ती घेतली. आज पाहणारा त्या बसमध्ये चढू शकतो, आसनावर बसू शकतो. २०२३ साली याच संस्थेने सेल्मा येथील जॅक्सन दांपत्याचे घर मिळवले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६५ च्या मोर्चाची आखणी ज्या घरात केली ते हे घर. ज्या गावात काळ्यांना घर मिळत नव्हते, त्या गावी त्यांच्या लढ्याचे घर आले. फोर्डच्या देवळात हे कशामुळे आले? फोर्डच्या कृपेने नव्हे. रस्त्यावर जो लढा झाला त्यानेच त्या मोडक्या बसची किंमत ठरवली. आधी चळवळ, मग संग्रहालय, हा क्रम आहे.

आणि लॅटिमर यांचे घर? ते पाडले जाणार होते. १९८८ साली त्यांचे वंशज आणि भागातील नागरिक यांनी धडपड करून ते उचलून दुसऱ्या जागी नेले. २००४ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. एक वास्तू अब्जाधीशाने हलवली, दुसरी सामान्य माणसांनी. आपल्याला अनुसरता येण्याजोगा मार्ग दुसरा आहे.

आता आपल्या अंगणात पाहू. विजेशी बाबासाहेबांचा संबंध किती जणांना ठाऊक आहे? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज धोरणविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी मांडणी केली की वीज हवी ती उद्योगीकरणासाठी आणि उद्योगीकरण हवे ते माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी. म्हणून ती स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. एडिसनने दिवा पेटवला. तो गरिबाच्या झोपडीत कसा पेटेल हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. आपल्या शाळांतील विज्ञानाच्या पुस्तकात पहिला धडा आहे, दुसरा नाही.

आपल्याही प्रयोगशाळा होत्या. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे ज्या खोल्यांत तयार झाली त्या आपल्या प्रयोगशाळाच. मुक्या समाजाला वाचा कशी फुटते, याचा प्रयोग तेथे झाला. खिळे जुळवणारे कंपोझिटर, ट्रेडल चालवणारे, गठ्ठे बांधून स्टेशनवर नेणारे, वर्गणीसाठी गिरण्यांच्या चाळी पालथ्या घालणारे, हे त्या प्रयोगशाळेचे क्रूसी आणि बॅचलर. त्यांतल्या किती जणांची नावे आपण सांगू शकतो? दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण प्रेस ही त्या इतिहासाची जिती खूण होती. २५ जून २०१६ रोजी ती वास्तू पाडण्यात आली. समाज संतापला, रस्त्यावर आला, ते योग्यच होते. पण वास्तू उभी होती तेव्हा आपण तेथे किती वेळा गेलो, हाही प्रश्न आहे.

मेन्लो पार्कच्या मोडक्या फळ्या शोधायला त्यांच्याकडे फोर्ड होता. आपल्याकडे फोर्ड नाही, आणि नाही तेच बरे. आपल्याकडे माणसे आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या गेल्या, त्या कोणा धनिकाच्या पैशाने नव्हे, कार्यकर्त्यांच्या निष्ठेने. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो नसता तर त्या मायमाउल्यांची नावेही राखेबरोबर झाडली गेली असती.

नावाचे मोल काय असते ते भीमा कोरेगावने आपल्याला शिकवले आहे. जयस्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला. परंतु त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली होती आणि त्यांत ‘नाक’ या शेवटाची नावे होती. त्या दोन अक्षरांनी सांगितले की हे महार होते. नावे कोरली नसती तर तो स्तंभ आज केवळ कंपनी सरकारचा दगड असता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि तो दगड आपला झाला.

म्हणून आमचे समाजबांधवांना सांगणे आहे. इंदू मिलच्या जागेवरील स्मारक भव्य व्हावे, त्यासाठी सरकारचा पाठपुरावा झालाच पाहिजे. लंडनचे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घेतले, त्याचा अभिमान आहेच. पण भव्य स्मारकात एक खुर्ची असते आणि जमीन फार स्वच्छ असते. राख आपल्या घरात आहे. आजोबांच्या पेटीतली धम्मदीक्षेची आठवण, वसतिगृहाच्या वर्गणीची पावती, समता सैनिक दलाचा पट्टा, परिषदेचे हँडबिल, आजीच्या तोंडची भीमाची ओवी, हे सारे रद्दीत जाण्याआधी उतरवून घ्या. फोटोच्या मागे माणसांची नावे लिहा, गाव लिहा, साल लिहा. आठवत नसेल ते रचून लिहू नका. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट या कामासाठी ठेवा आणि त्या कपाटाची किल्ली एखाद्या शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्या.

बाबासाहेबांचे नाव पुसण्याची कोणाची छाती नाही. पुसली जातील ती त्यांच्यामागे चाललेल्यांची नावे. ती पुसली जाऊ न देणे, हे सरकारचे काम नाही, ते आपले काम आहे.